एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना रेशन मिळवून देताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीत, चाळीत किंवा गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना धान्य मिळवून द्यायची इच्छा असलेल्या शेजाऱ्यांसाठी, बचत गटांसाठी आणि ज्येष्ठ नागरिक संघांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळं महाराष्ट्राच्या संदर्भात आहे. बहुतेक वृद्धांच्या बाबतीत योजना नसते असं नाही. कागदावर हक्क असतो, दुकानात मालही आलेला असतो, पण अंगठा उमटत नाही, नाव ऑनलाइन दिसत नाही किंवा पिशवी उचलून जिना चढता येत नाही. दुकानापासून चुलीपर्यंतचा हा शेवटचा टप्पा शेजारीच पार करून देऊ शकतात.

आजींकडे केशरी कार्ड आहे. मग त्यांना धान्य का मिळत नाही?

कार्डाचा रंग बघून धान्य ठरत नाही. पिवळं, केशरी, शुभ्र ही तिरंगी पद्धत महाराष्ट्रात १९९९ मध्ये आली. आज धान्य मिळतं ते राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खाली, आणि त्यात गट दोनच आहेत : अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबं) आणि प्राधान्य कुटुंब. केशरी कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असेल आणि नाव ऑनलाइन चढलेलं असेल तर धान्य मिळतं. शिक्का नसेल तर तेच केशरी कार्ड फक्त ओळखीपुरतं उरतं. म्हणून मदतीला गेलात की आधी कार्डाचं पहिलं पान उघडा, शिक्का बघा, बारा अंकी नंबर उतरवून घ्या आणि दुकानात तो मशीनवर टाकून किती माणसं, किती किलो दिसतात ते विचारा. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

कुणाला किती धान्य?

अंत्योदयला महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. गहू आणि तांदळाचं प्रमाण बदलत राहतं. अंत्योदय कार्डावर महिन्याला एक किलो साखरही असते, ती किलोला २० रुपये दराने.

अंत्योदयचे ३५ किलो कुटुंबाला आहेत, डोक्याला नाहीत. आजोबा गेले आणि आजी एकट्याच उरल्या तरी कायद्यातलं प्रमाण तेच राहतं. प्राधान्य कार्डावर मात्र एक नाव कमी झालं की पाच किलो कमी होतात.

दुकानदार पैसे मागतो. द्यायचे का?

गहू-तांदळाचे नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते मोफतच राहील असं केंद्राने जाहीर केलेलं आहे. पैसे मागितले तर पावती मागा. मशीनमधून पावती निघतेच आणि तिच्यावर किलो आणि रक्कम दोन्ही छापलेलं असतं. आजींना अक्षरं दिसत नसतील तर ती पावती घरी आल्यावर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि पिशवी एकदा काट्यावर ठेवा. मापात पाप फार जुनं आहे. पण पावती आणि वजन महिनोन्‌महिने पाहिलं जातंय हे कळलं की ते बरंच कमी होतं.

अंगठाच उमटत नाही. काय करायचं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि सर्वांत जास्त वृद्ध इथेच हरतात. जन्मभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या, विटा उचललेल्या हातांच्या रेषा झिजतात. वयाने त्वचा कोरडी आणि पातळ होते. तीन-चारदा मशीन नाही म्हणालं की माणूस मान खाली घालून परत फिरतो आणि पुढच्या महिन्यात येतच नाही.

आधी साधे उपाय करा. हात कोमट पाण्याने धुऊन पुसा, बोटांना तेलाचा अगदी हलका हात लावून पुन्हा पुसा, मशीनची काच स्वच्छ करायला सांगा. अंगठाच लागतो असं नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. जे बोट एकदा लागलं ते लक्षात ठेवा, पुढच्या महिन्यात तिथूनच सुरुवात करा. दुपारच्या गर्दीपेक्षा सकाळी जा. रांग मागे असली की आजी घाबरतात आणि बोट हलतं.

तेवढ्याने झालं नाही तर डोळ्यांच्या बुबुळाचं स्कॅन किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी यांची विचारणा करा. बऱ्याच वृद्धांच्या आधारला मोबाइलच जोडलेला नसतो किंवा कधीकाळच्या भाच्याचा नंबर असतो. तो आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या आणि त्याच फेरीत बोटांचे ठसेही नव्याने द्या.

आणि हे ठामपणे सांगा : ठसे जुळले नाहीत, नेटवर्क नाही किंवा इतर तांत्रिक अडचण आली एवढ्याच कारणावरून धान्य नाकारायचं नाही, अशा केंद्राच्या सूचना २४ ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. आधार नाही म्हणून नाव काढून टाकायचं नाही, हेही त्याच पत्रात आहे. तारखेसकट सांगितलंत की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

आजोबा अंथरुणावर आहेत. त्यांच्या जागी दुसरं कुणी धान्य आणू शकतं का?

कार्डावर नाव असलेली घरातली कुठलीही व्यक्ती धान्य उचलू शकते. अडचण एकट्या माणसाची. त्यांच्यासाठी विश्वासातल्या माणसाची नॉमिनी म्हणून नोंद करून घेता येते. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, सोबत आजोबांचं आणि नॉमिनीचं आधार, कार्डाची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर तीही जोडा. मुंबई-ठाण्यात हा अर्ज शिधावाटप अधिकाऱ्याकडे आणि पुण्यात परिमंडळ कार्यालयात जातो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

घरात दुसरं कुणी धडधाकट माणूस नसलेल्या वृद्धांना आणि दिव्यांगांना धान्य घरपोच करण्याची व्यवस्था राज्यांनी करावी, असंही केंद्राने सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात ते दुकानदाराच्या माणुसकीवर चालतं. त्याचीही बाजू आहे. त्याला क्विंटलमागे १५० रुपये कमिशन मिळत होतं, २०२५ मध्ये ते १७० झालं, आणि एवढ्यात घरोघरी टेम्पो फिरवणं त्याला परवडत नाही. म्हणून आमचं मत असं की दुकानदाराशी भांडत बसण्याऐवजी त्याला सांगा, ‘मशीन घेऊन महिन्यातून एकदा गल्लीत या, पोती आम्ही उचलू.’ बरेच जण तयार होतात.

ई-केवायसी राहिली आहे. नाव कटेल का?

कटू शकतं, म्हणून हे काम लांबवू नका. कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लागते. दुकानातल्या मशीनवर ती होते आणि ‘मेरा ई-केवायसी’ या अॅपवर चेहरा दाखवूनही होते. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी हे अॅप वरदान आहे. कुणाच्याही अँड्रॉइड फोनवर चालतं आणि खाटेवर बसल्या बसल्या काम होतं. ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, म्हणून आधी तो दुरुस्त करा. उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसवा, चष्मा काढा, पापण्यांची उघडझाप करायला सांगा.

२०२५ मध्ये केंद्राने नियम बदलले. त्यानुसार ई-केवायसी दर पाच वर्षांनी करायची आहे आणि सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय होतं. मग चौकशी होऊन ते सुरू करायचं की बंद, हे ठरतं. मुलीकडे बाळंतपणाला किंवा दवाखान्यात दीर्घकाळ गेलेल्या वृद्धांना याचा फटका बसतो. कुणी महिना-दोन महिने दिसलं नाही की कार्डाची चौकशी करा.

दुकान फार लांब आहे. जवळच्या दुकानातून घेता येतं का?

येतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ म्हणजे फक्त परराज्यात गेलेल्यांची सोय, असा समज आहे. राज्यातल्या राज्यात, अगदी एकाच शहरातही कुठल्याही रास्त भाव दुकानातून आपलं धान्य घेता येतं. चढावरच्या दुकानाऐवजी सपाटीवरचं, रस्ता ओलांडावा लागतो त्याऐवजी अलीकडचं दुकान निवडा. कार्ड बदलून आणायची गरज नाही.

मुलं शहरात आणि आई गावी, पण नावं एकाच कार्डावर, अशा घरांत मात्र आधी आपसात ठरवून घ्या. शहरात कुणी सगळ्यांचं धान्य उचललं तर त्या महिन्यात गावच्या आईला मशीन ‘शिल्लक नाही’ असंच दाखवणार.

मुलगा सांभाळत नाही, पण नाव त्याच्याच कार्डावर आहे.

फार नाजूक प्रश्न. वेगळं राहणं आणि वेगळी चूल असेल तर मुलाच्या कार्डावरून नाव कमी करून स्वतंत्र कार्डासाठी अर्ज करता येतो. तलाठी किंवा पुरवठा निरीक्षक चौकशीला येतात तेव्हा शेजाऱ्यांनी हजर राहून खरं ते सांगावं. प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागेल.

कार्यालयात ‘इष्टांक संपला’ असं उत्तर मिळेल. राज्याला सुमारे ७ कोटी माणसांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरवून दिलेली आहे, तिला इष्टांक म्हणतात. पण मृत्यू, स्थलांतर, अपात्र कार्डं यामुळे जागा रिकाम्या होत असतात. अर्ज न देता परतलात तर रांगेत नावच लागत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, दर महिन्याला विचारा.

अंत्योदयसाठीही विचारा. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि २००३ मध्ये तिची व्याप्ती वाढवताना, उत्पन्नाचं निश्चित साधन किंवा कुणाचा आधार नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्ती, विधवा, दिव्यांग आणि दुर्धर आजारी माणसं कुटुंबप्रमुख असलेली घरं तिच्यात घेतली गेली. एकट्या वृद्धेचा अर्ज लिहिताना हे वाक्य त्यात असू द्या.

आणि २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा आहे, ज्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाह भत्ता मागता येतो. बहुतेक आई-वडील तिथवर जायला तयार होत नाहीत. त्यांच्यावर जोर करू नका. रस्ता आहे एवढं सांगून ठेवा.

अन्नपूर्णा योजनेचे दहा किलो कुणाला मिळतात?

केंद्राची अन्नपूर्णा योजना २००० सालची. ६५ वर्षांवरच्या, वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाला पात्र असूनही ते न मिळालेल्या निराधारांना महिन्याला १० किलो धान्य, असं तिचं स्वरूप. २०२४ पासूनची गॅस सिलिंडरची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना वेगळी आहे. नावामुळे लोक चुकीच्या खिडकीवर उभे राहतात.

आमचा सल्ला असा की आधी पेन्शनच्या मागे लागा. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक २१,००० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या वृद्धांना जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. डाळ, तेल, भाजी, औषध हे सगळं त्यातूनच यायचं असतं. अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, त्यावाचून पैसे थांबतात.

रेशनच्या गहू-तांदळावर माणसाचं भागतं का?

नाही. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य. त्यातून साधारण १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. भारतीय शिफारशीप्रमाणे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना चाळीसहून थोडी जास्त. उतारवयात प्रथिनं कमी पडली की आधी मांड्यांची ताकद जाते, मग उठता-बसता तोल जातो.

म्हणून तुमचा गट वर्गणी काढून काही देणार असेल तर पुन्हा गहू-तांदूळ देऊ नका. मूगडाळ, मसूर, शेंगदाणे, फुटाण्याचं पीठ, अंडी खाणाऱ्यांना अंडी, दूध. नाचणीचं पीठ जरूर द्या. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि दात नसलेल्या माणसाला आंबील सहज जाते. तेल अर्ध्या लिटरच्या पिशवीत द्या, पाच लिटरचा डबा उचलताना हात थरथरतात. लोणची, पापड, फरसाण, बिस्किटांचे पुडे देणं सोपं असतं म्हणून दिले जातात. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांना ते देऊच नका.

गहू मिळाला, पण दळून कोण आणणार?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि धान्य घरात असूनही उपाशी राहण्याचं हे मोठं कारण आहे. रेशनला गहू मिळतो, पीठ नाही. तो निवडायचा, चाळायचा, गिरणीपर्यंत न्यायचा, दळणाचे पैसे द्यायचे, गरम पिठाचा डबा परत आणायचा. ज्यांना पाच किलो उचलवत नाहीत त्यांच्या घरी गहू पोत्यात तसाच राहतो, त्याला किडे लागतात आणि शेवटी तो कुणाला तरी मातीमोल भावाने विकला जातो. मग लोक म्हणतात, यांना धान्याची गरजच नव्हती.

वाटपाच्या दिवशीच दळणाची व्यवस्था लावा. गल्लीतल्या चार-पाच जणांचा गहू एकाच फेरीत गिरणीवर न्या, डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा. गिरणीवाल्याशी महिन्याचा हिशेब ठेवा, वृद्धांकडून सुटे पैसे मागायला लावू नका. एका वेळी दोन-तीन किलोच दळा. एकट्या माणसाला ते पंधरा-वीस दिवस पुरतं आणि पावसाळ्यात पिठाला जाळी धरत नाही. उरलेल्या गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून झाकण घट्ट लावा. थोडा गहू भरडून आणलात तर त्याची लापशी होते, आणि चपाती लाटायला ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्या रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सुटतो.

तांदळात प्लास्टिकचे दाणे आहेत, असं आजी म्हणतात.

ते प्लास्टिक नाही. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळले गेले. शंभर दाण्यांमागे साधारण एक. तांदळाचं पीठ आणि ही सत्त्वं एकत्र करून ते तयार करतात, म्हणून रंग आणि वजन जरा वेगळं असतं, काही दाणे पाण्यावर तरंगतात. निवडून टाकून देऊ नका, आणि सात पाण्यांनी धुऊ नका. भाताचं जास्तीचं पाणीही ओतून देऊ नका. आजींचं समाधान होत नसेल तर त्यांच्या समोर एक मूठ दाणे शिजवून दाखवा, ते मऊ होतात.

स्वयंपाकच होत नाही त्यांचं काय?

शिवभोजन केंद्र जवळ असेल तर एक वेळची सोय होते. ही योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण. अडचण अशी की थाळीसाठी केंद्रावर जावं लागतं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या दोन-तीन घरांनी वार वाटून घेऊन डबा देणं हाच टिकणारा मार्ग. रोज एकाच घरावर भार पडला की महिन्याभरात तो थांबतो. सण-उपास असले तरी डबा चुकवू नका, आणि डबा देताना पाच मिनिटं बसा. एकटा माणूस जेवत नाही, नुसता उरकतो.

आमचा गट हे काम सुरू करणार आहे. काय सांभाळायचं?

कार्ड, आधार आणि पासबुक कधीही तुमच्याकडे ठेवून घेऊ नका. दुकानदारालाही कार्ड ठेवून घेता येत नाही. ओटीपी विचारायचा तो त्या माणसासमोर बसून आणि कशासाठी ते सांगून. धान्य आणायला शक्यतो दोघं जा, पावती पिशवीतच राहू द्या. वहीत तारीख, किलो आणि सही किंवा अंगठा एवढं पुरे.

पिशवी देताना फोटो काढू नका. ज्या माणसाने आयुष्यभर पंगती वाढल्या त्याला हातात पिशवी घेऊन कॅमेऱ्याकडे बघायला लावणं फार क्रूर आहे. देणगीदार फोटो मागत असेल तर त्याला पावत्यांचा हिशेब दाखवा. तेवढ्यावर त्याचं समाधान होत नसेल तर दुसरा देणगीदार शोधा.

तक्रार कुठे करायची?

आधी तहसीलदार किंवा शिधावाटप अधिकारी, लेखी. फोनवर १९६७ किंवा १८००-२२-४९५०. तक्रार नोंदवली की क्रमांक मागून घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यानंतर राज्य अन्न आयोग, ही पायरी अन्न सुरक्षा कायद्यातच आहे. पात्र माणसाला हक्काचं धान्य पुरवलं गेलं नाही तर त्याच कायद्याच्या कलम ८ खाली राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. अर्जात त्याचा उल्लेख करा, मग कार्यालय धान्य का दिलं नाही याचं कारण शोधायला लागतं.

वृद्धाला घरात उपाशी ठेवलं जातंय किंवा मारहाण होतेय अशी शंका असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत चालते आणि शेजाऱ्यानेही तिथे फोन केला तर चालतो.